नाताळच्या चित्रात बर्फ कुठून आला?



मी चेन्नईतल्या एका ख्रिस्ती माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. डिसेंबर आला की आमच्याकडे नाताळच्या चित्रांची स्पर्धा असते. शंभर कागद जमा झाले, तर त्यातल्या बहुतेक कागदांवर बर्फ असतो. उतरत्या छपराचं घर, धुराडं, सूचिपर्णी झाडं आणि वरून पडणारे पांढरे ठिपके. ही मुलं राहतात कुठे? समुद्रकाठी. इथे डिसेंबरातही स्वेटर लागत नाही. लागते ती छत्री, कारण ईशान्य मोसमी पाऊस असतो. २०१५ आणि २०२३ साली तर याच महिन्यात शहरात पूर आला. ज्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं, तीही मुलं चित्रात बर्फ काढत होती.

यात मुलांचा काही दोष नाही. त्यांनी शुभेच्छापत्रं पाहिली, कॅलेंडरं पाहिली, मोबाइल पाहिला. महाराष्ट्रातल्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, तो तुमच्यापैकी कित्येकांनी दिला असेल. आठवणीतून चित्र काढायचं. पण आठवणीत जर दुसऱ्यानं काढलेलं चित्रच असेल, तर कागदावर तेच उतरणार. माझ्या मते यातला मोठा तोटा वेगळाच आहे. आपली गल्ली, आपलं घर, आपली आई या चित्रात काढण्याजोग्या गोष्टी नव्हेत, असं मूल न बोलता शिकून जातं.

मग हा बर्फ आला कुठून? एक उत्तर १५६६ सालच्या चित्रात सापडतं. पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकारानं ‘बेथलेहेममधील शिरगणती’ हे चित्र रंगवलं. मरिया आणि योसेफ नावनोंदणीसाठी गावात येतात, तो प्रसंग. पण ते गाव बेथलेहेम वाटतच नाही. ते ब्रूगेलच्या मुलखातलं खेडं आहे. गोठलेलं पाणी, त्यावर खेळणारी मुलं, सगळीकडे बर्फ. त्यानं आपल्या दारातला हिवाळा काढला. त्याचा बर्फ खरा होता. आपण त्याचा बर्फ उचलला. त्याची रीत उचलायला हवी होती.

ही रीत आपल्याला नवी नाही. तंजावरचे मराठे राजे सरफोजी लहानपणी श्वार्ट्झ या जर्मन पाद्रींच्या देखरेखीखाली वाढले आणि पुढे काही वर्षं इथेच, मद्रासला, गेरिके या पाद्रींकडे शिकले. श्वार्ट्झ यांचेच दुसरे शिष्य वेदनायगम शास्त्री. हे तमिळ ख्रिस्ती कवी पुढे सरफोजींच्या दरबारात होते. तमिळमध्ये कुरवंजी नावाचा नृत्यनाट्याचा प्रकार आहे. त्यात भविष्य सांगणारी डोंगरची बाई येते. शास्त्रींनी त्याच प्रकारात ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली. आणि सरफोजींच्या नावावर मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ आहे; तिच्यात जगाचा भूगोल सांगितलेला आहे! एकाच गुरूचे दोन शिष्य. दोघांनीही दुरून आलेली गोष्ट इथल्या साच्यात ओतली. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी अभंग-ओवीत ख्रिस्त गायला, तोही याच वाटेनं.

चित्रकलेतलं नाव घ्यायचं तर आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, गोव्याचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये थोडं शिकून ते बंगालला अवनींद्रनाथ ठाकूरांकडे गेले. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडीतली मरिया रंगवली. गोव्यात त्यावर कडक टीका झाली. तरी १९६७ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच पद्धतीनं काढत राहिले. आज मुलांना हे सांगितलं की ती विचारतात, यात वाद कसला? चेन्नईत बेझंट नगरला वेलंकनी मातेचं चर्च आहे. तिथली माता साडीतच असते.

आता वर्गात मी काय करतो ते सांगतो. पहिल्या तासाला रंग काढायचेच नाहीत. लूकच्या शुभवर्तमानातला जन्माचा प्रसंग वाचायचा आणि त्यात खरोखर काय काय आहे याची फळ्यावर यादी करायची. बाळ. बाळंत्याचं कापड. गव्हाण. उतारशाळेत जागा नाही. रात्री कळप राखणारे मेंढपाळ. देवदूत. बस्स. बर्फ नाही. गाय आणि गाढवसुद्धा नाही! तारा आहे तो मत्तयच्या शुभवर्तमानात. मुलं चकित होतात. बाकी सगळं चित्रकारानं भरायचं असतं, आणि तिथेच त्याचं काम सुरू होतं.

दुसऱ्या तासाला वह्या घेऊन बाहेर. शेळी बसते कशी? झावळ्यांचं छप्पर बांधतात कसं? रात्री एकच दिवा असला तर चेहऱ्याची कुठली बाजू उजळते? इथे नाताळच्या गोठ्याला ‘कुडिल’ म्हणतात, म्हणजे झोपडी. ती झोपडी कोळीवाड्यात पाहायला मिळते. मार्गळी महिन्यात दारोदारी कोलम असतात, तेही पाहायचे. वर्गात हिंदू, मुसलमान मुलंही आहेत. ज्याला प्रसंग काढायचा नसेल त्यानं फक्त झोपडी आणि दिवा काढावा. पाहण्याचे गुण सगळ्यांना सारखेच.

पुराच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीनं शाळेचा हॉल काढला. ओल्या चटया, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि दोन बाकं जोडून त्यावर झोपवलेलं बाळ. ‘जागा नव्हती’ या दोन शब्दांचा अर्थ तिला कुणी समजावून सांगावा लागला नाही. कोपऱ्यातली बादली जरा वाकडी आली होती. एका परीक्षकांनी सुबकपणाचे गुण कापले. मी म्हटलं, सर, बादली वाकडी आहे, पण ती तिनं पाहिलेली आहे.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी एकच विनंती. चित्र हातात आलं की आधी ‘किती छान’ म्हणू नका. विचारा, ‘यातलं तू स्वतः पाहिलेलं काय आहे?’ सुरुवातीला मूल गप्प राहील. पुढच्या वेळी ते बोट ठेवून दाखवेल. दहावी जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकावा, असं ज्यांना वाटतं, त्यांनाही मी हेच सांगतो. डोळे उघडे ठेवून पाहायला शिकवणारा आठवड्यातला तो एक तास आहे. तेवढा राहू द्या.