जमिनीला कसली उंची?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी गणितावर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतले हसले. हसा! आठवीत समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ मी ‘बाजू गुणिले बाजू’ असं काढलं होतं, हे त्यांना आठवत असणार.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याचा तिरका चौकोन घेतला, एका टोकाचा काटकोन त्रिकोण कापला आणि दुसऱ्या टोकाला जोडला. झाला आयत! त्याची लांबी म्हणजे चौकोनाचा पाया, रुंदी म्हणजे उंची. तिरकी बाजू हिशोबात कुठेच नव्हती.

त्याच वर्षी बाबा आचोळ्यात जागा घेत होते. पालघर जिल्हा झाला २०१४ साली. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यातच होतो. जागेच्या समोरासमोरच्या बाजू समांतर, पण आकार तिरका. रस्त्याकडची बाजू ६० फूट, बाजूचा बांध ५० फूट. विकणाऱ्याने हिशोब सांगितला, ३००० चौरस फूट. पैसे कमी पडत होते म्हणून आई बांगड्या मोडायला निघाली होती.

मी विचारलं, “बाबा, उंची मोजली का?”

“जमिनीला कसली उंची?” बाबा चिडले. पण रविवारी शेजारच्या गवंडीकाकांना घेऊन गेले. काकांनी रस्त्याच्या कडेला गुण्या लावला, काटकोनात दोरी ताणली आणि समोरच्या कडेपर्यंत टेप धरली. ४० फूट! म्हणजे २४०० चौरस फूट.

विकणारा ऐकेना. मग काकांनी ५० फुटांचा बांध पाया धरला. त्याच्यापासून समोरच्या बांधापर्यंतचं काटकोनातलं अंतर भरलं ४८ फूट. पुन्हा २४००च! फरक ६०० चौरस फुटांचा, अर्ध्या गुंठ्याहून जास्त. शेवटी व्यवहार २४००वर झाला. आईच्या बांगड्या हातातच राहिल्या.

पुढे कळलं, की भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त हेच बजावलंय. लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटलंय, आणि उत्तर देणारा तर त्याहून वरचढ!

बाई, उत्तर चुकलं त्या दिवशी तुम्ही ओरडला असतात, तर घरी तो प्रश्न विचारायची माझी हिंमत झाली नसती. हे सांगायचं इतकी वर्षं राहून गेलं होतं.