छंदासाठीं कलतें मेज



आजच्या भाषणाचा विषय लहान आहे. परंतु ज्या घरांत एखादें मूल चित्रें काढतें, एखादी गृहिणी भरतकाम करते, अथवा निवृत्तीनंतर कोणी वडील गृहस्थ जुने नकाशे उलगडून बसतात, त्या घराला तो क्षुल्लक वाटूं नये. ज्याची वरची फळी हवी तितकी उचलून तिरपी करतां येते असें मेज घरच्या घरीं कसें आंखावें व कसें करावें, हें मी आज सांगणार आहें.

प्रथम, फळी तिरपी हवी कशाला, हा प्रश्न. सपाट मेजावर कागद ठेवून आपण खुर्चीवर बसलों, म्हणजे आपली दृष्टि कागदावर तिरकी पडते. त्यामुळें कागदाची दूरची कड अरुंद दिसते आणि त्याची उंची आहे त्याहून आंखूड भासते. डोळा ही उणीव नकळत भरून काढतो, व हात रेषा थोडी लांब ओढतो. मग जें वर्तुळ काढतांना गोल वाटलें, तें कागद भिंतीला लावतांच उभट अंड्यासारखें दिसूं लागतें. शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या कागदांवर हा दोष मीं वर्षानुवर्षें पाहिला. मुलाला बोल लावला जातो, आणि खरा अपराधी जें सपाट मेज, तें निर्दोष सुटतें! फळी उचलली, म्हणजे दृष्टि कागदावर काटकोनाच्या जवळ पडते व हा भ्रम आपोआप कमी होतो.

दुसरें कारण शरीराचें. मनुष्याचें डोकें सुमारें ५ किलो वजनाचें असतें. मान सरळ असतां हें ओझें पाठीच्या कण्यावर तोललेलें राहतें. मान पुढें वांकली, कीं तेंच ओझें मानेमागच्या स्नायूंना तासन् तास ओढून धरावें लागतें. मूल पलंगावर पालथें पडून चित्र काढतें, किंवा आजीबाई मांडीवर कापड घेऊन टांके घालतात, तेव्हां हें ओझें दिसत नाहीं; रात्रीं दुखणाऱ्या मानेंतून तें बोलतें. पुष्कळ माणसें छंद सोडतात तीं आवड संपली म्हणून नव्हे, तर बसवत नाहीं म्हणून.

ही युक्ति नवी नाहीं. पोथी वाचावयाचें कातरीसारखें उघडणारें व्यासपीठ आपल्या देवघरांत होतेंच. पेढीवरील मुनीम गादीवर बसून उतरत्या झांकणाच्या डेस्कावर कीर्द लिहीत. युरोपांतील मठांत ग्रंथांच्या नकला करणारे लेखक चांगल्याच उभ्या फळीवर लिहीत असत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा थॉमस जेफर्सन यांनीं १७७६ सालीं ज्या लहानशा डेस्कावर लिहिला, त्याची रचना त्यांनीं स्वतःच केली होती. त्यांत बिजागरीवर उघडणारी लिहिण्याची फळी आहे. तें डेस्क आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियनच्या संग्रहालयांत जपून ठेवलेलें आहे.

आतां आंखणीकडे वळूं. आरंभ लांकडापासून करूं नये, कागदापासून करावा. घरांत कोणतें काम व्हावयाचें आहे, तें आधीं लिहून काढावें. जलरंगाला १० ते १५ अंशांचा उतार पुरे; त्याहून अधिक दिला, तर ओला रंग धांवत खालीं येतो, आणि मुळींच न दिला, तर त्याचें थारोळें सांचतें. वाचन व लेखन यांना १५ ते २० अंश सुखाचे होतात. पेन्सिलीचें रेखाटन व नकाशा उतरणें यांना ३० पासून ४५ अंशांपर्यंत फळी उचलावी. पोस्टाचीं तिकिटें लावणारास मात्र फळी सपाटच हवी. त्याचा खरा शत्रु उतार नसून डोक्यावरील पंखा होय.

फळीचें माप मी ३० इंच लांब व २० इंच रुंद असें सुचवितों. ए-२ नांवाचा कागद ५९४ मिलिमीटर लांब व ४२० मिलिमीटर रुंद, म्हणजे अदमासें साडेतेवीस इंच गुणिले साडेसोळा इंच असतो. तो या फळीवर मावून बाजूला रंगाच्या वाटीलाहि जागा उरते. उंचीचा नियम एकच: बसणारानें खांदे सैल सोडून कोपर दुमडलें असतां तें जेथें येईल, तेथें फळीची पुढची कड यावी. खुर्चीवर बसणाऱ्या प्रौढास ही उंची २८ इंचांच्या आसपास येते. जमिनीवर मांडी घालून बसणारास १० ते १२ इंच पुरतात. परंतु पुस्तकांतील मापापेक्षां बसणाराचें कोपर अधिक विश्वासू आहे.

फळीसाठीं सागवानाची सबंध फळी मोहक खरी. पण लांकूड पावसाळ्यांत रेषांच्या आडव्या दिशेनें फुगतें व उन्हाळ्यांत आक्रसतें. खालून पट्ट्या घट्ट ठोकून त्याला जखडलें, तर तें वांकतें किंवा चिरतें. प्लायवुडांत एकावर एक पातळ थर उलटसुलट दिशेनें चिकटविलेले असतात, म्हणून तें सहसा वांकत नाहीं. १८ मिलिमीटर जाडीचें प्लायवुड घ्यावें. या मापाची फळी सुमारें ४ किलो भरते. कोंकणासारख्या दमट प्रदेशांत भारतीय मानक ७१० असा छाप असलेलें सागरी प्लायवुड घेतल्यास उत्तम. पाय व चौकट यांना मात्र सागवान किंवा दुसरें वाळलेलें, गांठी नसलेलें लांकूड वापरावें.

फळी कलविण्याच्या दोन रीती आहेत. एकींत फळी मध्यावर फिरते. तोल चांगला राहतो, पण तिची पुढची कड गुडघ्यांवर उतरते. दुसरींत पुढच्या कडेला बिजागऱ्या लावून मागची कड उचलतात. घरासाठीं ही दुसरी रीत मला अधिक पसंत आहे. कारण पुढच्या कडेची उंची बदलत नाहीं, आणि फळीवर हाताचा भार कोठेंहि पडला तरी तो चारी पायांच्या आंतच राहतो, म्हणून मेज कलंडत नाहीं.

सर्व खुबी टेक्यांत आहे. फळीखालीं, बिजागरीपासून बरोबर १० इंचांवर, दोन बाजूंना दोन हात बसवावेत. त्यांची लांबीहि १० इंच. खालच्या टोंकांना एका गोल आडव्या दांडीनें जोडावें, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या उचलतात. ही दांडी चौकटीच्या बाजूपट्ट्यांवरील खांचांत बसते. येथें शाळेंतील समद्विभुज त्रिकोण उपयोगी पडतो. बिजागरीपासून खांचेचें अंतर म्हणजे २० इंच गुणिले कोनाची कोज्या. त्याप्रमाणें १५ अंशांची खांच १९.३ इंचांवर, ३० अंशांची १७.३ इंचांवर व ४५ अंशांची १४.१ इंचांवर येते. खांचा सारख्या अंतरावर येत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. फळीची मागची कड या तीन ठिकाणीं अनुक्रमें ५.२, १० व १४.१ इंच वर जाते. ज्यांना कोज्येचा कंटाळा असेल त्यांनीं जाड पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या टांचण्यांनीं जोडून लहान नमुना करावा. बिजागरी, टेक्याची खीळ आणि खांचेचा तळ हीं तंतोतंत एका पातळींत नसल्यानें पडणारा थोडा फरकहि त्यांत दिसून येतो.

आतां एक महत्त्वाची गोष्ट. कोन लहान, तर टेक्यावरचा ताण मोठा. मागच्या कडेवर कोणी ५ किलोचा भार टाकला, तर ४५ अंशांवर टेक्यांवर सुमारें ७ किलोचा दाब येतो, ३० अंशांवर १० किलोचा, आणि १५ अंशांवर १९ किलोहून अधिक. सामान्य समजूत याच्या नेमकी उलट असते. फळी जेमतेम उचलली आहे, तेव्हां भय कसलें, असें आपणांस वाटतें. म्हणून १५ अंशांहून कमी उतारासाठीं टेका वापरूंच नये. मागच्या कडेखालीं लांकडाचा ठोकळा सारावा. खांच निदान अर्धा इंच खोल असावी व तिची मागची भिंत उभी ठेवावी, कारण दाब दांडीला मागेंच ढकलीत असतो. खांच उथळ ठेवल्यानें टेका निसटून फळी एका लहान मुलाच्या बोटांवर पडलेली मीं एका घरीं पाहिली आहे. यासाठीं आणखी एक उपाय: फळी मिटल्यावरहि ती व चौकट यांमध्यें १ इंचाची फट राहील, अशा बेतानें पुढें बिजागरीखालीं पट्टी व मागें कोंपऱ्यांत रबराचे ठोकळे लावावेत. त्या फटींत मिटलेला टेका सामावतो, आणि चुकून राहिलेलें बोटहि वांचतें.

करणीचा क्रम थोडक्यांत सांगतों. आधीं चौकट व पाय जोडून गुण्यानें काटकोन तपासावेत; दोन्ही कर्ण सारखे भरले, म्हणजे चौकट सरळ आहे असें समजावें. दोन्ही बाजूपट्ट्या एकत्र बांधून खांचा एकदमच कापाव्यात, म्हणजे दोहोंत केसाचाहि फरक राहणार नाहीं. मळसूत्री खिळ्यांना आधीं बारीक भोंक पाडावें. पुढच्या कडेला पेन्सिल अडविणारी अर्ध्या इंचाची पट्टी हवी. पण ती खुंट्यांवर काढघाल करण्याजोगी असावी, नाहीं तर लिहितांना मनगटाला बोंचते. शेवटीं काचकागद मारून चकाकी नसलेला रोगण द्यावा. चकाकणाऱ्या फळीवर दिव्याचें प्रतिबिंब पडून डोळे शिणतात.

शहरांतील घरें लहान, आणि एकाच मेजावर जेवण, अभ्यास व इस्त्री! त्या मेजावर मांडलेला छंद जेवणाच्या वेळीं रोज उचलावा लागतो. आणि जो छंद रोज उचलावा लागतो, तो एके दिवशीं पुन्हां मांडला जात नाहीं. हें मेज मिटून भिंतीशीं ठेवलें, तर अडीच फूट लांबीची जागा अडवितें. त्या मोबदल्यांत अर्धवट राहिलेलें चित्र दुसऱ्या दिवशीं जेथल्या तेथें सांपडतें.

तेव्हां सुट्टीच्या दिवसांत हें काम अवश्य हातीं घ्यावें. बारीक काम सुताराकडून करून घेण्यांत कमीपणा नाहीं. पण मापें मुलांकडून घ्यावींत, पुठ्ठ्याचा नमुना त्यांच्याकडूनच करवावा आणि खांचांचा हिशेब त्यांनाच मांडूं द्यावा. फळ्यावर नीरस वाटणारी कोज्या आपल्या हातांनीं उचललेल्या फळीखालीं उभी राहिलेली त्यांना दिसेल, आणि ती मग जन्मांत विसरणार नाहीं.