शर्यतमार्ग आणि चाकणची गाडी

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मोटारी आणि दुचाकी मोठ्या संख्येने घडतात, परंतु त्यांतील काहींच्या वेगाची खरी कसोटी लागली ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथील शर्यतमार्गावर, आणि म्हणूनच त्या मार्गाचा इतिहास काही अंशी या पट्ट्याचाही इतिहास ठरतो. १९५३ मध्ये स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब पूर्वी शोलावरम येथे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धकाळातील विमानांच्या धावपट्टीवर, शर्यती भरवीत असे. मात्र धावपट्टी सरळ उड्डाणासाठी आखलेली असते, तर शर्यतमार्गाला वळणे लागतात आणि वाहन घसरल्यास ते थांबावे म्हणून कडेला मोकळी जागाही लागते. ही उणीव दूर करणारा, सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा कायमस्वरूपी मार्ग १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टै येथे खुला झाला.

चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू केल्यानंतर फोक्सवॅगनने २०१० पासून ‘पोलो’ या आपल्या मोटारीची चषक स्पर्धा भरविली, आणि तिच्या काही शर्यती याच मार्गावर झाल्या. ही ‘एकाच गाडीची शर्यत’ होती, म्हणजे सर्वांची वाहने सारखी असल्याने निकाल यंत्रापेक्षा चालकाच्या कौशल्यावर ठरत असे, आणि नवोदितांना पारखण्याची याहून न्याय्य रीत क्वचितच सापडेल. चाकणमध्येच घडणारी केटीएम आरसी ३९० ही दुचाकी पुढे अमेरिकेतील अशाच चषकात २०१५ पासून धावली.

चाकण परिसरातील चाचणीमार्ग कारखान्यांच्या आवारात बंदिस्त आहेत. सर्वांना खुला शर्यतमार्ग उभारण्याचा विचार येथील उद्योगांनी आता करावा.