दुसऱ्या दारानं आलेला खेळाडू

श्रोतेहो, आज मी तुम्हांला अमेरिकेतल्या एका पोराची गोष्ट सांगणार आहे. खेळ आहे बेसबॉलचा. पण गुरुजनहो, हा नुसता खेळाचा विषय आहे असं समजून कान मिटू नका. गोष्ट शाळेचीही आहे.

क्रिकेटमध्ये जो गोलंदाज, तो बेसबॉलमध्ये पिचर. मातीच्या दहा इंच उंचवट्यावर उभं राहून तो 60 फूट 6 इंचांवरून चेंडू फेकतो. म्हणजे आपल्या बावीस यार्डांहून थोडं कमीच. चेंडू टप्पा घेत नाही, थेट जातो आणि कोपर वाकवून फेकण्याची पूर्ण मुभा असते. चेंडू नीट पडले नाहीत, तर चौथ्या वाईट चेंडूला फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जाऊन उभा! म्हणून पिचरला नुसता जोर असून भागत नाही, नेमही लागतो. आणि नेम येतो सरावानं, वयानं.

आता शाळेची बाजू. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. तिकडे बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयाला तसं म्हणतात. इलिनॉय राज्यात जोलिएट इथं 1901 साली असं महाविद्यालय निघालं. घराजवळ शिकावं, आणि मग तिथला अभ्यास जमेस धरून विद्यापीठात जावं, अशी ही वाट आहे.

टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या भागात शिकलेला रॉजर क्लेमेन्स याच वाटेनं गेला. शाळा संपल्यावर तो सॅन जॅसिन्टो या ज्युनिअर कॉलेजात वर्षभर खेळला. 1981 साली न्यूयॉर्क मेट्स या धंदेवाईक संघानं त्याची निवड केली, तीही बाराव्या फेरीत. तो गेला नाही. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात दाखल झाला.

विचार करा, नव्या संघात असं मागाहून येणं सोपं का असतं? बाकीच्यांची घडी बसलेली असते. चेंडू झेलणाऱ्या गड्याच्या खुणा नव्या, समोरचे फलंदाज अधिक तयारीचे. कालचा नावाजलेला गडी आज पुन्हा उमेदवार होतो! ती पायरी त्यानं चढली. 1983 साली ओमाहा इथं विद्यापीठांच्या अंतिम सामन्यात टेक्सासनं अलाबामाला 4–3 असं हरवलं, तेव्हा शेवटपर्यंत चेंडू त्याच्याच हाती होता. त्याच वर्षी बोस्टनच्या संघानं त्याला पहिल्याच फेरीत उचललं. दोन वर्षांत बारावी फेरी ती पहिली झाली! पुढं उत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार त्यानं सात वेळा मिळवला.

गोष्ट इथंच संपवली तर ती अर्धी होईल. 2007 साली एका चौकशी अहवालात त्यानं उत्तेजक औषधं घेतल्याचा आरोप आला. त्यानं तो नाकारला. खोटी साक्ष दिल्याच्या खटल्यातून 2012 साली तो निर्दोष सुटला. तरीही लोकांचं एकमत काही झालं नाही. तेव्हा त्याचा पुतळा करून पुजा, असं मी म्हणत नाही. त्याची वाट मात्र पाहण्याजोगी आहे.

गुरुजी, निकालाच्या दिवशी तुमच्या ओट्यावर एखादा मुलगा मान खाली घालून येतो. हव्या त्या कॉलेजात नाव लागलेलं नसतं. त्याला सांगा, पहिली एसटी चुकली म्हणून गाव दूर जात नाही. तालुक्याच्या कॉलेजात वर्ष काढ. पण रिकामं काढू नकोस. हात तयार ठेव, नेम साध. दुसरं दार उघडेल तेव्हा तुझ्यापाशी दाखवायला काहीतरी असलं पाहिजे.