बंदुकीपुढें डफ

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली गाडी टिटवाळा, खडवली, वासिंद हीं स्थानकें मागें टाकून आसनगांवास येते. शहापुरास जाणारे उतारू येथें उतरतात. माहुलीचे सुळके समोर उभे असतात, आणि या शांत मुलखाचा बंदुकीशीं कधीं संबंध आला असेल अशी शंकाही पाहणाऱ्याच्या मनांत येत नाहीं. परंतु शेजारच्याच मुरबाड तालुक्यांत सिद्धगड आहे. तेथें २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनीं पडले. पुढें ऑक्टोबर १९४५ मध्यें याच ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत, तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. (तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो.) गोदावरी परुळेकरांच्या जिवास धोका आहे अशी खोटी कंडी पिकवून त्या भोळ्या लोकांना गोळा करण्यांत आलें होतें, असें किसान सभेचें म्हणणें होतें. हेच वारली त्या वर्षाच्या जानेवारींत टिटवाळ्याच्या शेतकरी परिषदेस येऊन गेले होते.

ज्याच्या हातीं शस्त्र नाहीं त्यानें शस्त्राचा निषेध करावा कसा? अर्ज करावा, तर तो दप्तरांत पडून राहतो. दगड उचलावा, तर पुढच्या गोळीस निमित्त मिळतें. महाराष्ट्रांत या प्रश्नाचें एक उत्तर डफाच्या थापेवर दिलें गेलें. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनीं १९४४ सालीं लाल बावटा कलापथक उभें केलें. अमर शेख मूळचे बार्शीचे, एके काळीं मोटारीवर क्लीनर म्हणून राबलेले. त्यांचा आवाज पहाडी होता. अण्णा भाऊंनीं तमाशाचा जुना सांचा घेतला, पण गणांत गणपतीच्या जागीं मायभूमीस व शिवछत्रपतींस वंदन ठेवलें. स्वराज्य आल्यावर मुंबई सरकारनें तमाशावर निर्बंध घातले, तेव्हां त्याच प्रयोगाला त्यांनीं 'लोकनाट्य' म्हटलें. नांव बदललें, ढोलकी तीच राहिली! सरकारला गाण्याचें भय वाटावें, ही त्या गाण्याची केवढी मोठी प्रशस्ति!

या कलेची खरी कसोटी पुढें लागली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं मुंबईंत फ्लोरा फाउंटनपाशीं संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठीं आलेल्या जमावावर गोळीबार होऊन पंधरा माणसें मेलीं. जानेवारी १९५६ मध्यें मुंबई केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि पुन्हां कित्येक दिवस गोळ्या सुटत राहिल्या. त्या दिवसांत दगडफेक व जाळपोळही झाली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. हुतात्म्यांची संख्या १०५ म्हणून लोकांच्या तोंडीं बसली. पुढें ती १०६ सांगितली जाऊं लागली. न्यायालयीन चौकशीची मागणी सरकारनें मानली नाहीं. केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं त्याच वर्षीं राजीनामा दिला व लोकसभेंत या गोळीबाराचा आणि नाकारलेल्या चौकशीचा जाब विचारला.

लोकसभेंतील भाषण वर्तमानपत्र वाचणाऱ्यांपर्यंत पोंचलें. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत शाहीर पोंचले. वर्तमानपत्रांत मृत्यु आंकड्यांत येतो, आणि आंकड्यासाठीं कोणी रडत नाहीं. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड यासाठींच लक्षांत घेण्यासारखी आहे. तिचा आरंभ गोळीबारानें होत नाहीं. गांवीं बायको ठेवून मुंबईस पोट भरावयास आलेल्या गड्याच्या विरहानें होतो. तो विरह श्रोत्यांपैकीं कितीकांच्या घरचा होता. ऐकणाऱ्याचें मन ओलें झाल्यावर मग ती छक्कड तुटलेल्या मुलखाकडे, बेळगांव, कारवार, डांग, उंबरगांवाकडे वळते. मारणाऱ्याचा द्वेष शिकविण्यापूर्वीं ती स्वतःच्या माणसांची माया जागी करते. सूड घ्या म्हणणारीं गाणीं लिहिणें सोपें असतें. हें अवघड होतें. हजारों माणसें मैदानांत बसून तें ऐकत आणि शांतपणें घरीं परतत. १९५७ च्या निवडणुकींत त्यांचा राग मतपेटींत पडला; पश्चिम महाराष्ट्रांत संयुक्त महाराष्ट्र समितीनें काँग्रेसची दाणादाण उडविली. हें एकट्या गाण्याचें काम नव्हे. पण सभेला माणूस आणला आणि बसविला तो गाण्यानें.

परदेशांतील उदाहरणें पाहतां एक भेद ध्यानांत येतो. कोलंबियांतील सेसार लोपेस या वादकानें २००३ सालीं एका रायफलीचीच गिटार केली व तिला बंदूक आणि गिटार या दोन शब्दांचा सांधा करून 'एस्कोपेतारा' असें नांव दिलें. अमेरिकेंत २५ सप्टेंबर २०१६ रोजीं बंदुकीच्या हिंसेविरुद्ध गांवोगांवीं एकाच दिवशीं संगीताचे जलसे झाले. तेथें बंदूक शेजाऱ्याच्या कपाटांत असते, म्हणून गाणें शेजाऱ्याला व कायदे करणाऱ्यांना विनवतें. महाराष्ट्राच्या या कथेंत ती शिपायाच्या खांद्यावर होती, म्हणून डफ वाजला तो राज्यकर्त्यांच्या दारांत. एकाची चाल दुसऱ्याला जशीच्या तशी लागू पडणार नाहीं.

१ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालें. ती छक्कड अजून गायिली जाते. तींतील उंबरगांव त्यापूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होतें; राज्य झालें त्याच दिवशीं त्या तालुक्याचा मोठा भाग गुजरातेंत गेला.