एका शेताचीं तीन खातीं

(यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकरी बांधवांपुढें केलेलें भाषण)



ता. १५ डिसेंबर २०२४ रोजीं नागपुरास राजभवनांत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. त्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्याला तीन मंत्रिपदें मिळालीं. दिग्रसचे रा. संजय राठोड व राळेगांवचे रा. अशोक उईके हे कॅबिनेट मंत्री झाले, पुसदचे रा. इंद्रनील नाईक राज्यमंत्री झाले. जिल्ह्यांत विधानसभेच्या जागा सात. त्यांपैकीं पांच सत्तापक्षांकडे गेल्या व त्या पांचांतून तिघे मंत्री झाले. आनंद होणें साहजिक आहे, आम्हांसही झाला. परंतु गुलाल धुऊन झाल्यावर शेतकऱ्यानें जमाखर्चाची वही उघडावी, एवढेंच सांगावयास आम्ही आज उभे आहोंत.

प्रथम हें मंत्रिमंडळ बनलें कसें तें पाहूं. ता. २३ नोव्हेंबर २०२४ रोजीं निकाल लागले. भाजपला १३२, शिवसेनेला ५७ व राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. बहुमताला १४५ लागतात. म्हणजे कोणाचाही संसार एकट्याच्या बळावर चालणारा नव्हता. भागीदारी आली कीं वांटणी आलीच. त्यांत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनें पंगतीचीं पानें मोजून दिलेलीं! सभागृहाच्या शेंकडा १५ हून अधिक मंत्री करतां येत नाहींत. २८८ आमदारांस ४३ मंत्री, पुढें एकही नाहीं. ता. ५ डिसेंबरला मुख्यमंत्री रा. देवेंद्र फडणवीस आणि दोन उपमुख्यमंत्री रा. एकनाथ शिंदे व रा. अजित पवार यांचा शपथविधि झाला. ता. १५ ला आणखी ३९ जणांनीं शपथ घेतली. पैकीं भाजपचे १९, शिवसेनेचे ११, राष्ट्रवादीचे ९. आपल्या जिल्ह्याचे तिघे या तिन्ही पक्षांतून एकेक असे आले.

घटना म्हणते, मुख्यमंत्र्याच्या सल्ल्यानें राज्यपालानें मंत्री नेमावेत. भागीदारीच्या सरकारांत मात्र प्रत्येक पक्षाचा पुढारी आपल्या वांट्याचीं नांवें ठरवितो, आणि विभाग, जिल्हा, जात व निष्ठा असे सगळे कांटे लावून तीं जोखतो. या तोलण्याची आम्ही थट्टा करणार नाहीं. १९३० सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळांत डॉ. पंजाबराव देशमुख बसले, तेव्हां कुणब्याच्या पोरालाही कारभार करतां येतो हें वऱ्हाडानें पाहिलें. १९६३ सालीं पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, तेव्हां तांड्यावरच्या माणसाची मान ताठ झाली. आजच्या तिघांत दोघे बंजारा व एक आदिवासी आहेत, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र त्या दिवशींच्या एकंदर ४२ मंत्र्यांत स्त्रिया चारच होत्या. कपाशी वेंचणारे हात बहुतेक बायांचे. पण खुर्च्या मोजतांना त्यांची आठवण सर्वांत शेवटीं होते!

तथापि खुर्ची मिळणें निराळें आणि काम होणें निराळें. ता. २१ डिसेंबरच्या खातेवाटपाकडे शेताच्या बांधावर उभें राहून पाहा. मातीपाण्याचें, म्हणजे मृद व जलसंधारणाचें खातें शिवसेनेकडे, आपल्या राठोडांकडे आलें. पीक उभें करणारें कृषिखातें राष्ट्रवादीकडे गेलें. तें पीक बाजारांत नेणारें पणनखातें भाजपकडे गेलें. शेत एक, शेतकरी एक, कर्जही एकाच्याच नांवावर. पण दारें मात्र तीन! दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी म्हण आहे. येथें तर घरें तीन आहेत.

हें आम्ही उगाच भय दाखवीत नाहीं. २०१७ सालीं याच जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसावर माणसें दगावलीं. तेव्हांचें सरकारही भाजप व शिवसेना या दोन पक्षांचें होतें. औषधविक्रीचे परवाने कृषिखात्याचे, तें खातें भाजपकडे. खेड्यांतलीं आरोग्यकेंद्रें आरोग्यखात्याचीं, तें शिवसेनेकडे. मेलेल्या मजुराच्या बायकोनें कोणाचें दार ठोठवावयाचें? १९७२ च्या दुष्काळांत वसंतरावांवर लोक रागावले, मोर्चेही निघाले; पण जाब विचारण्याचें दार एकच होतें. जबाबदारी वांटली गेली कीं ती हळूच नाहींशीही होते, हा भागीदारीचा खरा धोका आहे.

दुसरा धोका मुदतीचा. विस्ताराच्या दिवशींच रा. अजित पवार यांनीं नागपुरांत अडीच वर्षांच्या मंत्रिपदाची भाषा काढली, ती अशासाठीं कीं इतरांनाही पाळी यावी. पाळी ठेवण्यानें पक्षांतली नाराजी मिटेल. पण पाणलोटाचें काम पाळीनें होत नाहीं. नाल्यावर बांध घालावा, पाणी जिरूं द्यावें, विहिरीची पातळी वर येऊं द्यावी, याला अनेक पावसाळे लागतात.

मग आपण करावें काय? उत्तर घटनेंतच आहे. कलम १६४ सांगतें कीं मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिकपणें जबाबदार आहे. वांटणी खात्यांची होते, जबाबदारीची होत नाहीं. म्हणून "तें खातें आमच्या पक्षाकडे नाहीं," हें उत्तर कोणत्याही मंत्र्याच्या तोंडून आपण ऐकून घेऊं नये.

आमच्या सूचना तीन आहेत. पहिली : या जिल्ह्याच्या सर्व मंत्र्यांनीं वर्षांतून एकदां, एकाच मंडपांत, एकत्र बसून हिशेब द्यावा, किती बांध झाले, किती वसतिगृहांत आदिवासी मुलांना जागा मिळाली, किती निधि न वापरतां परत गेला. दुसरी : राज्यमंत्र्याला तेवढेच अधिकार असतात जेवढे वरचा मंत्री सोंपवितो. खातेवाटपांत रा. नाईकांकडे इतर खात्यांबरोबर आदिवासी विकास व मृद-जलसंधारण यांचेंही राज्यमंत्रिपद आलें. म्हणजे वरचे दोन्ही मंत्री आपलेच! कोणते अधिकार सोंपविले, हें लेखी मागा. तिसरी : जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो. तिच्या सभेंत काय ठरलें तें गांवोगांवच्या ग्रामसभेंत वाचून घ्या.

बंधुभगिनींनो, सत्कारासाठीं हार आणणारे पुष्कळ मिळतील. आपण प्रश्नांचा कागद घेऊन जाऊं. मंत्री आपले आहेत, म्हणूनच त्यांना विचारण्याचा हक्क पहिला आपला आहे.