कविता कुठं अडते?

(शहाद्याच्या तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, फक्त फापटपसारा काढलाय.)



रोजच्या जगण्यातून लिहायचं कसं आणि लिहिणं अडलं तर करायचं काय, यावर बोल म्हणून मला उभं केलंय. उभं करणाऱ्यानं बहुतेक माझी चेष्टा केलीय. कारण मी स्वतः दीड वर्ष अडलो होतो. मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईच्या गोदीत माल चढवतो, उतरवतो. साहित्यशास्त्र आपल्याला येत नाही. जे झालं ते सांगतो.

पांढरपेशा लेखक अडला की म्हणतो, स्फूर्ती येत नाही. मग तो हवापालटाला जातो. आपल्याकडं स्फूर्ती आली तरी तिला बसायला जागा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, वर टीव्ही चालू, नळाला पाणी पहाटे चारला. पाळी संपवून आल्यावर बोटं पेन धरत नाहीत. हे सगळं खरंय. भाषणात हे सांगितलं की टाळ्याही पडतात. पण खोटं कशाला बोलू? माझी कविता यानं अडली नव्हती. जागा नव्हती तेव्हा मी शेडमध्ये गोण्यांवर बसून लिहिलंय. अडली ती दुसऱ्याच कारणानं.

आमच्या टोळीत तळोद्याकडचा एक पोरगा होता. आपल्यातलाच, माझ्याच वयाचा. जहाजातून लोखंडी सळ्यांचा गठ्ठा उतरत होता, तो स्लिंगमधून निसटला. हा खाली होता. पंचनामा झाला, सह्या झाल्या. दुसऱ्या पाळीला त्याच जागी दुसरा माणूस उभा राहिला.

मी त्याच रात्री कविता लिहिली. एका बैठकीत साठ ओळी. त्यात सूर्य होता, ज्वालामुखी होता, हजारो वर्षांचा अंधार होता, शेवटी मशाल पेटली होती. सभेत वाचली, टाळ्या पडल्या. छापून आली. दोस्त म्हणाले, फाडलंस.

पुढच्या महिन्यात टोळीनं जमवलेले पैसे द्यायला मी त्याच्या गावी आलो. अंक पिशवीत होताच. त्याच्या आईला कविता वाचून दाखवली. माऊलीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग शांतपणे म्हणाली,

'यामा मना पोऱ्या कोठे शे?'

ह्यात माझा पोरगा कुठाय?

मी कागद परत बघितला. साठ ओळींत तो कुठंच नव्हता. त्यानं हुकाच्या मुठीला बहिणीच्या ओढणीची लाल चिंधी गुंडाळली होती, घामानं हात सटकू नये म्हणून. ती चिंधी नव्हती. त्याच्या डब्यातली कळण्याची भाकरी नव्हती, मिरचीचा ठेचा नव्हता. जहाजाच्या मागं जहाजाचं नाव आणि बंदराचं नाव रंगवलेलं असतं. ते तो अक्षर अक्षर जोडून वाचायचा आणि सगळ्यांना विचारायचा, 'हे मोनरोव्हिया कुठं आलं?' कोणाला माहीत नसायचं. ते पण नव्हतं. माझ्या कवितेत मेलेला कोणीही चालला असता.

त्यानंतर मी अडलो. वही उघडायची, दोन ओळी लिहायच्या, की त्या बाईचा प्रश्न ऐकू यायचा. वही बंद.

आता तुमच्या शहाद्याचं बोलतो. कारण माझा हा प्रश्न इथं फार आधी विचारला गेलाय. १९७१ साली पाटीलवाडीत गोळीबार झाला, आदिवासी मारला गेला. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, दुष्काळातली कामं, हे सगळं तिनं हातात घेतलं. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्लांचा स्वतःचा पुढारी. १९७४ साली गेला. बायांनी दारूचे मटके फोडले, गावात मोर्चे काढले. तेव्हा हा धुळे जिल्हा होता, नंदुरबार वेगळा झाला १९९८ साली. या लढ्यातून वाहरू सोनवणे आले. भिल्ल कार्यकर्ते आणि कवी. 'गोधड' हा त्यांचा संग्रह १९८७ सालचा.

त्यांची 'स्टेज' नावाची कविता आहे. स्टेजवर दुसरेच चढतात आणि ज्याचं दुःख त्यालाच खाली बसवून ऐकवतात, ही तिच्यातली बोच. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी खूश झालो होतो. म्हटलं, बरं हाणलं मोठ्या लोकांना. तळोद्याहून परतताना एस.टी.त एकदम लक्षात आलं, साला, या खेपेला स्टेजवर मीच होतो की! ती आई खाली बसली होती.

मित्रांनो, आपली कविता अडते ती इथं. आपल्याच थोर कवींचे शब्द आपण उसने घेतो. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा ढसाळांनी स्वतःच्या वस्तीची, स्वतःच्या रस्त्याची भाषा कागदावर आणली होती. ती त्यांनी कुणाकडून उसनी आणली नव्हती. आपण काय करतो? त्यांचा आवाज काढतो. विद्रोहाचे शब्द पाठ झालेत. पाठ झालेल्या शब्दाला डोळे नसतात. तो समोरचा माणूस बघू शकत नाही. काही दिवस टाळ्या मिळतात, मग आतून आटायला लागतं. ते आटणं म्हणजे रोग नाही. आतला प्रामाणिक माणूस संपावर गेलाय, एवढंच समजा. त्याच्या मागण्या काय आहेत त्या ऐका.

'गोधड' हे नावच बघा. गोधडी कशाची होते? आईचं फाटलेलं लुगडं, बापाचं धोतर, पोराचा सदरा. घरात जे झिजलं त्याचीच. गोधडीसाठी कुणी दुकानातून नवं कापड आणत नाही. आणि ती एका दिवसात होत नाही. रोज दुपारी चार टाके.

आपल्या आया अशाच कविता करत होत्या. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी गाणं व्हायचं. मुलानं आणि घरच्यांनी थोडंफार उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. बाई १९५१ सालीच गेल्या होत्या. जे उतरवलं नाही ते गेलं. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांनी महाराष्ट्रातून लाखावर ओव्या जमवल्या. त्यात आपल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. या बायांना कुणी कधी विचारलं नाही की तुमची स्फूर्ती कुठून येते. दळण रोज होतं, म्हणून ओवी रोज होती. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, ओवी थांबली.

गोदीत तेच झालं. पूर्वी पाच-सहा जणांनी ओझं ओढायचं तर एकानं हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी उचलायची. म्हातारे कामगार सांगतात, त्या हाळीत मुकादमाला शिव्याही बसवलेल्या असायच्या. कंटेनर आले, क्रेन आली, बरीचशी हाळी गेली. यंत्राला मी शिव्या देत नाही, पाठ वाचली. पण गाण्याची जागा गेली. ती आता आपल्याला मुद्दाम करावी लागते.

ती मी कशी केली ते सांगतो. घ्यायचं तर घ्या.

रोज एक ओळ लिहितो. तिच्यात आज बघितलेली एक वस्तू तिच्या नावासकट. कुठल्या रंगाची गोणी, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला. दुःख, शोषण, क्रांती हे शब्द त्या ओळीत घालायचे नाहीत. ते त्या चपलेत असतात. हात चालत नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवतो.

शब्द घरात जसा बोलतात तसाच ठेवतो. इथल्यांनी अहिराणीत लिहा, भिलोरीत लिहा. 'शे' ला 'आहे' करू नका. मास्तर लाल रेघ मारेल. मारू दे.

काहीच सुचलं नाही तर चाल उसनी घेतो. आपल्या जलशांनी, कव्वाल्यांनी हेच केलं. वामनदादा कर्डकांना तरुणपणी एकानं पत्र वाचायला दिलं, ते वाचता येईना. त्या शरमेतून ते मोठेपणी अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत फिरले. पहिलं गाणं सिनेमाच्या चालीवर केलं. चाल लोकांची असते, ती घ्यायला लाज नाही. शब्द मात्र आपले पाहिजेत.

आणि शेवटचं. लिहिलेलं आधी त्याला वाचून दाखवायचं, ज्याच्यावर ते लिहिलंय. संपादकाला नंतर. तो माणूस म्हणाला, ह्यात मी नाही, तर फाडायचं. रडत बसायचं नाही, परत लिहायचं.

माझी ती कविता मी परत लिहिलीय. साठ ओळींच्या सोळा झाल्या. सूर्य गेला, चिंधी आली. मोनरोव्हिया आफ्रिकेत लायबेरियाची राजधानी आहे, हे मी शोधून काढलंय, ते पण आलंय. अजून कुठं छापलेली नाही. तुम्हालाही आज वाचून दाखवणार नाही, रागावू नका. उद्या सकाळच्या गाडीनं तळोद्याला जातोय. त्या माऊलीला वाचून दाखवीन. तिला तिचा पोरगा सापडला, तर पुढल्या खेपेला तुम्हाला ऐकवीन.

नाही सापडला, तर परत वही आहेच.

जयभीम.